एक्सरेची गाडी आणि माझं भाषण

आता विचारलंच आहे तर सांगतो, पण चहा संपेपर्यंत मधे कुणी बोलायचं नाही. आमच्या हिनं हा किस्सा पैपाहुण्यांत इतक्या वेळा सांगितलाय की तो जवळजवळ तिच्याच मालकीचा झालाय. पण तोंडघशी मी पडलो होतो. तेव्हा सांगायचा पहिला हक्क माझा.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी कोल्हापुरात विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात कारकून होतो. केंद्रातर्फे आसपासच्या गावांत आरोग्य शिबिरं भरायची. सगळे त्याला कॅम्प म्हणायचे. वजन करायचं, रक्तदाब बघायचा, लहान पोरांना टोचायचं, गोळ्या वाटायच्या आणि संध्याकाळी सरपंचाकडं जेवून परत यायचं.

आमचे प्रमुख डॉक्टर सबनीस. पुण्याहून आलेले, अत्यंत विद्वान, माणूस म्हणून देवमाणूस. पण बोलायला लागले की छापील पुस्तक वाचून दाखवतायत असं वाटायचं. खेड्यातला शेतकरी समोर बसला की विचारायचे, "आपणांस श्वसनाचा काही उपद्रव?" तो बिचारा घाबरून "न्हाय जी" म्हणायचा आणि खोकत खोकत बाहेर जायचा. लोकांशी लोकांच्या भाषेत बोलणारं कुणीतरी हवं, असं शेवटी त्यांच्याच लक्षात आलं. मी आमच्या पेठेतल्या गणपतीत दरसाल नाटकात काम करायचो. आवाज दणदणीत. झालं, कॅम्पमधला माईक माझ्याकडं आला.

माईक हातात आला की माणसाचं काय होतं, हे तुम्ही पुढाऱ्यांच्यात बघितलं असेल. माझंही तेच झालं. सुरुवातीला मी एवढंच म्हणायचो, "ग्रामस्थांनी लाभ घ्यावा." पुढं पुढं 'बंधू आणि भगिनींनो' सुरू झालं. मग बोलता बोलता मधे थांबायला लागलो, टाळ्यांसाठी. टाळ्या कुणी वाजवायचं नाही, पण मी थांबायचो.

त्याच सुमारास माझा साखरपुडा झाला होता. मुलगी मलकापूरची, शालन नाव. तिचे वडील आप्पासाहेब, खता-बियाण्यांचे दुकानदार, भारदस्त आणि कमी बोलणारे. त्यांना ही एकुलती एक मुलगी. वैशाखात लग्न धरलं होतं आणि मी हवेत होतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते दिवस नसबंदीच्या जोराचे होते. तलाठी असो, ग्रामसेवक असो, शाळामास्तर असो, ज्याला त्याला वरून हुकूम होता की माणसं आणा. जो ऑपरेशन करून घेईल त्याला तुपाचा डबा. पण डब्याच्या आशेपेक्षा लोकांच्या मनात भीतीच जास्त. गावात अनोळखी जीप शिरली की बाप्ये माणसं उसात पळायची.

अशा दिवसांत आमचा कॅम्प कोडोलीच्या पलीकडं एका गावात ठरला. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून मला ओळखणारी माणसं आहेत. या वेळी केंद्राला नवी एक्सरेची गाडी मिळाली होती. छातीचा फोटो काढून क्षय आहे का ते बघायचं. गाडी अशी की राखाडी रंग, खिडकी एक नाही, मागं दार आणि दाराला काळा पडदा. त्यात डॉक्टर सबनीसांनी स्वतः मजकूर लिहून वर कापडी फलक लावला होता, 'फुप्फुस क्ष-किरण परीक्षण व क्षयरोग निदान शिबिर'. त्या फलकावरचा एकही शब्द त्या गावात कुणी कधी उच्चारला असेल असं मला वाटत नाही. दुपारी खुद्द कुलगुरू भेट द्यायला येणार होते, सोबत फोटोग्राफर घेऊन. म्हणून सबनीस सकाळपासून टाय लावून बसले होते.

गाडी देवळापुढच्या पटांगणात उभी राहिली आणि बघता बघता गाव रिकामं झालं. पारावर बसलेली माणसं उठून गेली. पानपट्टीवाल्यानं फळी लावून घेतली. राहिल्या म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या बायका आणि दोन-चार पिकली पानं. आमच्या कांबळे सिस्टर, सगळ्या केंद्रात डोकं ठिकाणावर असलेली तेवढी एकच बाई, त्या मला म्हणाल्या, "चौगुले, माणसं का पळाली ते जरा विचारून तरी घ्या." मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? एक्सरेला भितात. मी आणतो."

सबनीस घड्याळ बघत होते. कुलगुरूंच्या फोटोत मागं रांग दिसायला हवी होती. मी कर्ण्याचं तोंड उसाच्या दिशेला करून घेतलं आणि सुरू झालो.

काय बोललो, ते मला आजही पाठ आहे. कारण नंतर ते मला अनेक लोकांनी ऐकवलं.

"बंधूंनो, घाबरता कशाला? माझ्याकडं बघा. मी सुधाकर चौगुले, राहणार कोल्हापूर. मी स्वतः या गाडीत जाऊन करून घेतलंय. दुखत नाही, खुपत नाही, रक्ताचा थेंब नाही. आत गेलो, बाहेर आलो आणि सायकल मारत घरी गेलो. माझं तर अजून लग्न व्हायचंय. पुढच्या वैशाखात आहे. तरीसुद्धा मी आधी हे करून घेतलं. मग तुम्ही तर पोराबाळांची माणसं!"

छाती, फोटो, क्षय, यातला एकही शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडला नव्हता. मला वाटलं, फलकावर लिहिलंय की.

थोड्या वेळानं बायका जवळ यायला लागल्या. मला बघत होत्या, पण कशा? घरातल्या आजारी माणसाकडं बघतात तशा. ताराक्का म्हणून एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी माझ्यासाठी घोंगडं मागवून अंथरलं, बळंच बसवलं आणि पितळीभर दूध आणलं, वर तुपाचा तवंग. म्हणाल्या, "प्या. अंगात ताकद याला पायजे." मी भारावून गेलो. एवढी माया मला आजवर कुठल्या कॅम्पात मिळाली नव्हती. भाषणाचा परिणाम, दुसरं काय?

ताराक्कांनी हळूच विचारलं, "सासुरवाडीला ठावं हाय का वो?"

मी दुधाच्या मिशा पुसत म्हणालो, "त्यांना कशाला सांगायचं? ही काय सांगत बसण्यासारखी गोष्ट आहे?"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. त्यातली एक पदर तोंडाला लावून तिथून निघूनच गेली. मला वाटलं, लाजली.

मग गणू आबा म्हणून एक म्हातारे काठी टेकत पुढं आले. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज खणखणीत. गावाच्या वतीनं बोलावं तसं म्हणाले, "पोरास्नी सोडा. आमचं करा. आमी आता तसंबी रिकामंच हाय." त्यांच्या मागोमाग आणखी चार म्हातारे. सबनीसांना गहिवरून आलं. वृद्धांमधली आरोग्याची जाण पाहून आपण सद्गदित झालो आहोत, असं ते म्हणाले.

गणू आबांना सिस्टरनी सदरा काढायला लावला, छाती प्लेटला टेकवून उभं केलं, श्वास धरायला सांगितला. खट् आवाज झाला. झालं म्हणाल्या. आबा सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले, पायरीवर थांबले आणि उसाकडं तोंड करून ओरडले, "भ्यायचं काम न्हाय रं! आता छातीतनंच करत्यात!"

पुढं जे झालं ते मी माझ्या सगळ्या नोकरीत पुन्हा बघितलं नाही. उसातून माणसं निघायला लागली. आधी एक-दोन, मग घोळक्यानं. बायका नवऱ्यांना दंडाला धरून आणत होत्या. पाच-पाच, सहा-सहा पोरांचे बाप सदरे काढून रांगेत उभे. शेजारच्या वाडीवरनं एक बैलगाडी भरून आली. तेवढ्यात कुलगुरू आले. रांग देवळाला वळसा घालून गेलेली बघून त्यांनी सबनीसांचा हात दोन्ही हातांत धरला. सबनीसांनी माझ्याकडं बोट केलं. कुलगुरूंनी माझी पाठ थोपटली. फोटोग्राफरनं ते टिपलं. ताराक्का लांबून कळवळून म्हणाल्या, "सावकाश थोपटा वो."

गाडीतून बाहेर येणारा प्रत्येक माणूस विचारत होता, "डबा कुठं मिळणार?"

आता खोकला असणाऱ्यांना आम्ही बेडका तपासायला एक डबी द्यायचो. सबनीसांना वाटलं, लोक तीच मागतायत. ते आणखी खूश झाले आणि म्हणाले, मागेल त्याला द्या. सिस्टरनी काड्यापेटीएवढी ती डबी एकाच्या हातावर ठेवली. त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, "बाई, ह्यात तूप कितीसं मावणार?"

कांबळे सिस्टर जागच्या जागी थांबल्या. मग त्या सरळ माझ्याकडं आल्या. मी घोंगड्यावर बसून दुसरी पितळी पीत होतो.

"चौगुले," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही या गाडीत काय करून घेतलंय, असं या लोकांना वाटतंय, कळलं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "काय?"

त्यांनी सांगितलं.

ते दूध घशातून खाली गेलं नाही आणि वरही आलं नाही. सबनीसांना सांगितलं तेव्हा ते आधी पांढरे पडले. मग त्यांनी कुलगुरूंकडं बघितलं, रांगेकडं बघितलं आणि म्हणाले की पाहुणे मार्गस्थ होईपर्यंत वस्तुस्थितीचं निवेदन स्थगित ठेवावं. म्हणजे आणखी निम्मं गाव छातीतनं मोकळं झालं.

कुलगुरूंची गाडी धुरळा उडवत गेली आणि माईक परत माझ्या हातात आला. या वेळी मी कुठंही थांबलो नाही. सरळ सांगितलं की हा नुसता छातीचा फोटो आहे, ऑपरेशन कुणाचंच झालेलं नाही, माझंही नाही, आणि डबा मिळायचा प्रश्नच नाही.

मग गणू आबा उठले. "असं हाय व्हय? काम करून घ्यायचं, आन् डबा द्यायची येळ आली की म्हणायचं झालंच न्हाय?"

मी छाती दाखवून सांगितलं, गळा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. जितकं सांगेन तितकी त्यांची खात्री पटत गेली की तूप आम्हीच खाल्लं. सरपंचाकडचं जेवण न घेताच आम्ही निघालो.

एवढ्यावर मिटलं असतं तर मी त्याला किस्सा म्हटलं नसतं. आठवतंय, एक बाई पदर तोंडाला लावून गेली होती? ती लाजली नव्हती. ती शालनची सख्खी आत्या, आप्पासाहेबांची धाकटी बहीण, त्याच गावात दिलेली. साखरपुड्याला ती आजारी होती म्हणून मी तिला बघितलेलं नव्हतं. पण मी कर्ण्यावरून नाव, गाव आणि लग्नाचा महिना सांगितल्यावर तिला ओळख पटायला काय राहिलं होतं? दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती मलकापूरला पोचली.

आणि तिसऱ्या दिवशी आप्पासाहेब आमच्या घरी. मी ऑफिसात होतो. घरी आई एकटीच. होणाऱ्या विहीणबाईंना असला प्रश्न सरळ कसा विचारायचा? पुढचं सगळं मला आईनंच सांगितलं, आणि तेही आपलं काय चुकलं ते न कळता.

आईनं चहा दिला, आप्पासाहेबांनी कप उचलला. मग म्हणाले, "सुधाकररावांनी ते... करून घेतलंय म्हणं?"

आईला वाटलं, एक्सरे. ती म्हणाली, "व्हय की. मीच पाठवलं त्याला. म्हटलं, लग्नाच्या आधी ते एकदा उरकून घे, मागनं घोर नको."

"तुमीच?"

"आमच्या घराण्यातच हाय ते. ह्याच्या वडलांनीबी करून घेतलं हुतं, ह्याच्या जन्माच्या आधी."

आप्पासाहेबांनी कप खाली ठेवला. आई म्हणाली, चहा निम्मा तसाच होता, साखर कमी पडली असेल. जाताना ते एवढंच बोलले की लग्नाचं सध्या राहू द्या.

मी घरी आलो आणि हे ऐकलं. खरं सांगतो, त्या क्षणी त्यातलं हसू मला अजिबात दिसत नव्हतं. शालनला मी दोनदाच भेटलो होतो, तेही माणसांच्या गराड्यात. पण दुसऱ्या भेटीत तिनं माझ्याकडं बघून गालातल्या गालात हसून ताट पुढं केलं होतं, आणि त्या हसण्यावर मी पुढचं सगळं आयुष्य मांडून ठेवलं होतं. ते आता मलकापूरच्या बाजारात चर्चेला गेलं होतं.

आई मला समजवायला लागली तेव्हा मी तिला खरी गोष्ट सांगितली. तिनं डोक्याला हात लावला आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

शेवटी सबनीसांचे पाय धरले. म्हटलं, तुम्ही डॉक्टर आहात, तुमचा शब्द ते मानतील. ते बिचारे तयार झाले. रविवारी आम्ही दोघं एसटीनं मलकापूरला गेलो. आप्पासाहेबांच्या घरी पुढच्या सोप्यात भाऊबंद जमले होते. आत्याही होती. पाणी आलं, पण बसा कुणी म्हणालं नाही. आम्हीच बसलो.

सबनीस उभे राहिले. टाय होताच. म्हणाले, "मी या प्रकरणी ग्वाही देतो की यांच्या प्रजननक्षमतेस कोणतीही बाधा पोहोचलेली नाही."

सोप्यात कुणालाच काही कळलं नाही. आप्पासाहेब माझ्याकडं वळले. "काय म्हणत्यात डॉक्टर?"

आता तुम्हीच सांगा, होणाऱ्या सासऱ्यासमोर, त्याच्या पाच भावांसमोर आणि आत्यासमोर ह्या वाक्याचं मराठी मी कसं करणार होतो? ज्या गड्यानं कर्ण्यावरून अख्खा ऊस हलवला, त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात... माझं... बरं आहे."

एक काका म्हणाले, "कशानं बरं हाय?"

माझं गप्प बसणं बघून आत्या हुंदका द्यायला लागली. आप्पासाहेब उठायच्या बेतात होते. आणि तेवढ्यात माजघराच्या दारातून शालनचा आवाज आला. ती उंबऱ्याच्या अलीकडं आली नाही, पण बोलली स्वच्छ.

"आप्पा, आत्यानं मला सगळं भाषण सांगितलंय. असलं ऑपरेशन करून घ्यायचं तर आपण काय करतोय ते माणसाला कळाय लागतं. ह्यांना आपण काय बोलतोय तेसुद्धा कळत न्हाय. ह्यांचं कायबी झालेलं नसणार."

मग आप्पासाहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, दुकानात बियाणं पारखतात तसं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरत गेला. म्हणाले, "हे मातूर पटतंय."

काकांनाही पटलं. आत्यालासुद्धा पटलं, तिनं डोळे पुसले. डॉक्टर सबनीस म्हणाले की निदान अचूक आहे. मग चहा आला, पोहे आले. बायकोनं माझ्या अकलेविषयी लग्नाआधी काढलेला तो निष्कर्ष तिनं अजून मागं घेतलेला नाही.

लग्न वैशाखातच झालं. पुढच्या वर्षी आम्हाला मुलगा झाला. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन केंद्रात गेलो. सबनीसांना पेढा दिला, सिस्टरना दिला, आणि व्हरांड्यात बघतो तर गणू आबा. सोबत त्या गावची सात-आठ माणसं, सगळी तापलेली. त्यांचं म्हणणं एकच होतं. कॅम्पात केलेलं काम कच्चं निघालं, त्यांच्यातल्या तिघांच्या घरी पाळणा हलला होता. आता एकतर नीट करून द्या, नाहीतर डबा द्या.

सबनीस बाहेर आले आणि त्यांनी क्ष-किरणांचं स्वरूप सुरुवातीपासून समजावून सांगायला घेतलं. माणसं आणखी चिडली. एकानं तर बाही मागं सारली. मी मधे पडायला पुढं झालो आणि गणू आबांची नजर माझ्या हातावर गेली.

"पेढं कशाचं, पावणं?"

"मुलगा झाला," मी म्हणालो.

आबा एकदम थांबले. सगळेच थांबले. बाही मागं सारलेल्या माणसानं ती हळूच खाली केली. आबांनी काठी भिंतीला टेकवली, जवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या हळव्या आवाजात माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

"तुमचंबी कच्चंच ऱ्हायलं म्हणायचं. असू द्या. वाईट वाटून घेऊ नगा. झालंय त्याला वाढवा आता."

मी काय करणार? मी मान हलवली आणि म्हणालो, "व्हय आबा."

त्यांनी माझ्या बॉक्समधला पेढा उचलून माझ्याच तोंडात घातला. मग बाकीच्यांकडं वळले आणि म्हणाले, "चला रं घरला. ज्यांनी घरच्या माणसाचं धड केलं न्हाय, ती आपलं काय करणार?"